इतर आजार : नाही

क्लिनिकच्या फॉर्मवर एक रकाना होता
आणि माझ्या मागे सतरा माणसं खोकत उभी.
मी लिहिलं, नाही.
सात वर्षं हेच लिहीत आलोय,
हात आता मला विचारतही नाही.

डॉक्टर लिसींनी नाकात काडी फिरवली.
फ्लू आहे. ताप कधीपासून?
काल सहापासून, शिफ्ट सुटताना.
मग वेळेत आलात.
अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू केलं तरच उपयोग.
दहा कॅप्सूल. सकाळ-संध्याकाळ. पाच दिवस.
हे सगळं हिंदीत, आणि इतक्या भराभर
की खरं बोलायला मध्ये फट सापडली नाही.

आता रात्रीचे अडीच. बत्तीस तास गेले.
सोहारच्या कॅम्पमध्ये थंडी आहे म्हणतात,
मला ती हाडांच्या आतून कळते.
मोतालेब आपली गादी घेऊन शेजारच्या खोलीत गेलाय,
जाताना दारात आल्याच्या पाण्याचा थर्मास ठेवून.
खिडकीतून स्टील प्लँटची आग दिसते.
जालन्याच्या मिलमध्येही हेच लोखंड वितळवायचो,
पगार तेवढा वेगळा.

औषधाच्या खोक्यातून चादरीएवढा कागद निघाला,
एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला अरबी.
किडनी हा शब्द शोधतोय बोटाने.
सापडला.
किडनी अधू असेल तर डोस कमी करावा, लिहिलंय.
किती कमी, ते एका तक्त्यात,
आणि तक्त्यातले आकडे माझ्या रिपोर्टातले नाहीत.

माझा रिपोर्ट पासपोर्टच्या कव्हरमागे, चार घड्या घालून.
क्रिएटिनीन दोन पूर्णांक एक.
दोन्ही कागद गादीवर शेजारी मांडतो,
पत्रिका जुळवल्यासारखे.
जुळत नाहीत.

घेऊ नये म्हणावं, तर तापही तिथेच मार देणार.
घ्यावं, तर पूर्ण डोस,
जो निरोगी माणसासाठी लिहिलाय,
आणि तो निरोगी माणूस मीच तयार केलाय.
अर्धी घेऊ?
कॅप्सूलची अर्धी कशी करतात?
पावडर बशीत ओतून, नखाने मधोमध रेघ मारून?
एकदा उघडून बघितलीही. पुन्हा टोपी बसवली.
बोटाला लागलेलं चाटलं, कडू.

अयोध्याचा निरोप आलेला, मध्यरात्रीचा,
आवाज दाबून, पोरं झोपलीत म्हणून.
अंगावर काढू नका एवढं.
आणि थोडं थांबून,
तुमचं सगळं पोटातच राहतं.
तिला बोलायचं होतं स्वभावाबद्दल.
मी कुशीवर हात ठेवून ऐकलं, तीनदा.

मार्चमध्ये व्हिसाचं मेडिकल.
हा एकच आकडा सगळ्या आकड्यांच्या वर बसतो.
मुकादम विचारेल, प्लँटचा डॉक्टर विचारेल,
मग एक दिवस तिकीट, एकेरी.
घराचा स्लॅब पडलाय, खिडक्या बाकी आहेत.

सात वाजता फार्मसी उघडली.
काउंटरवरच्या मिसरी बाईंनी मास्क दिला,
मग कागद बघितला, मग मला.
फोन करून रिसीव्हर माझ्या हातात दिला.
मॅडम, मी फॉर्मवर चुकीचं लिहिलं होतं.

पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणाचा तरी डबा भरत असावा.
रागावल्या नाहीत. ते सोपं गेलं असतं.
किती आहे क्रिएटिनीन? कधीचा रिपोर्ट? लघवी होते नीट?
वजन?
सवयीने तीन किलो वाढवून सांगितलं,
मग म्हणालो, नाही, एकोणसाठच.

एवढ्या नको, मी कमी करून लिहिते, त्या म्हणाल्या.
आज येऊन रक्त द्या.
आणि हे मला फाईलवर लिहावं लागेल.

बाईंनी काउंटरवर पाण्याची बाटली ठेवली.
बाहेर सात वीसची बस कामावर निघाली,
माझी खिडकीजवळची जागा रिकामी दिसली.
सदतीस तास झाले होते.

लिहा, म्हणालो.